मिआटा गरम झाली की सिग्नलला स्लो पकडत नाही, मिसिंग कुठून येत असेल?

मिआटा_९२ (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबली आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहितोय.

गाडी माझदा मिआटा, १९९२ ची. १.६ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, पाच गिअर, ओडोमीटरवर १,१२,००० मैल. हीच गाडी युरोपात एमएक्स-५ आणि जपानात युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. दोन सीट, कापडी टप, बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर येणारे हेडलाइट. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा मी पिंपरीत सातवीत होतो. कुठल्याशा मासिकातला तिचा फोटो कापून भूगोलाच्या वहीत चिकटवला होता. तीस वर्षांनी घेतली. त्यामुळे "विकून टाक, नवीन घे" हा सल्ला कृपया नको.

तक्रार अशी: ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन संथ आणि एकसारखं फिरायला हवं (स्लो), ते फिरत नाही, आणि मध्येच ठोका चुकतो (मिसिंग). सकाळी थंड गाडी एका सेल्फला सुरू होते, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा बाराशेच्या आसपास, आवाज एकसारखा. दहा मिनिटं चालली, टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की त्रास सुरू. सिग्नलला उभा राहिलो की आरपीएमचा काटा ९०० वरून ६०० वर उतरतो, परत चढतो, आणि दर तीन-चार सेकंदांनी एक हिसका बसतो. आतला आरसा इतका थरथरतो की मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत नाही. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की काटा आणखी खाली. २००० च्या वर गेली की गाडी गुळगुळीत. मात्र पाचव्या गिअरमध्ये २५०० वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर दोन-तीन झटके देते. पावसाळी हवेत हे सगळं वाढतं. सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास येतो. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही.

आतापर्यंत एनजीकेचे नवे प्लग टाकले, एअर फिल्टर आणि फ्युएल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारा भाग) काढून साफ केली. फरक शून्य. मग इथल्या एका गॅरेजला दिली. त्यांनी स्लोचा स्क्रू उघडून काटा ११०० वर नेऊन ठेवला आणि १८० डॉलर घेतले. वर सांगितलं, एअर फ्लो मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) गेलाय, जुना मिळाला तरी चारशे डॉलर पडतील. पण मीटर तपासला कसा, हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही. त्याचा मला फार राग आला. आता हिसका थोडा झाकला गेलाय, पण गेलेला नाही, आणि क्लच दाबल्यावर गाडी उगाच गुरगुरत राहते.

बाबा सध्या इथे आलेत. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांनी गाडी चालू ठेवून इंजिनावरच्या झाकणावर, म्हणजे टॅपेट कव्हरवर, तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि मिनिटभराने म्हणाले, "एक सिलिंडर मधूनमधून सुटतोय. मेलेला नाही, सुटतोय." पण त्यांचा जन्म डिझेलमध्ये गेला. पुढे म्हणाले, "डिझेलला करंट नसतो. हे करंटचं काम आहे, जाणत्याला विचार."

म्हणून इथे आलो. पैसे टाकायला हरकत नाही, पण अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही. सुरुवात कुठून करू?

हायवे_किंग (नाशिक)

इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत ओता आणि एकदा लांबचा फेरा मारून या. माझ्या होंडा सिटीला फरक पडला होता.

स्पार्क_सातारा

पेट्रोल गाड्यांचं काम करतोय बावीस वर्षं. तुमची गाडी फोटोतच पाहिलीय, पण इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, करंट. गाडी जपानची असो की गुडगावची.

नाशिककर भाऊ, बाटलीने नुकसान होणार नाही, पण पेट्रोल कमी पडत असतं तर वरच्या आरपीएमला जास्त कळलं असतं. इथे २००० च्या वर गाडी साफ आहे. त्यामुळे पेट्रोल मी शेवटी बघेन.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी निम्मं काम केलंय. "मेलेला नाही, सुटतोय" हे वाक्य लाखाचं आहे. कॉम्प्रेशन गेलं असतं तर तो सिलिंडर कायमचा मेलेला दिसला असता, थंड असतानाही. तुमची थंड गाडी एकसारखी चालते.

आता माझं मत. तुमच्याकडे एक नाही, दोन आजार आहेत, आणि गॅरेजवाल्याने दोन्ही एकात धरले. पावसात वाढतं, लोडवर झटके, कच्च्या पेट्रोलचा वास, हा करंटचा आजार. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त ताकद लागते. वायर कुठे फुटकी असेल तर करंट प्लगपर्यंत न जाता जवळच्या लोखंडावर उतरतो. पाचव्या गिअरमध्ये पूर्ण रेस म्हणजे नेमका तोच प्रसंग. काटा वर-खाली होणं आणि स्लो न पकडणं हा मात्र बहुतेक हवेचा आजार. इंजिन कुठून तरी चोरून एअर घेतंय.

एका वेळी एकच धरा. आधी करंट.

गाडी गरम करा, स्लोवर ठेवा, आणि प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या इंजेक्टरचे सॉकेट एकेक काढून परत लावा. एक काढला की आवाज पडला पाहिजे, लावला की सुधारला पाहिजे. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही किंवा कमी पडतो, तो आपला माणूस. चालू गाडीत प्लगची वायर उपटू नका. जुनी माणसं करायची, कार्बोरेटरच्या गाडीत चालूनही गेलं. पण इथे झटका बसेल, ठिणगीचा करंट बनवणाऱ्या कॉइलवर ताण येईल, आणि न जळलेलं पेट्रोल थेट धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिकमध्ये जाईल.

मग अंधार पडू द्या. गॅरेजचा दिवा बंद करा (दार उघडं ठेवा, धूर कोंडू देऊ नका), गाडी चालू, आणि इस्त्रीला वापरतो त्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. हात लांब ठेवा. वायर फुटकी असेल तर निळी रेघ दिसते आणि टिकटिक ऐकू येते.

हवेसाठी एक फुकटची टेस्ट. गाडी स्लोवर असताना ऑइलची डिपस्टिक वर ओढा. तुमच्या गाडीत हवा मोजणारा मीटर आहे, म्हणजे त्याच्यापुढे कुठेही भोक पडलं की हिशोब चुकतो. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागाची) हवाही त्याच हिशोबात येते. सिस्टिम टाइट असेल तर डिपस्टिक काढल्याबरोबर इंजिन गुदमरलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर समजा, आधीच कुठेतरी भोक आहे.

सन २००० च्या सुमारास मारुतीच्या झेन-एस्टीमचा कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारे इंजेक्टर) आलं, तेव्हा आम्ही सगळे सेन्सर बदलत सुटलो होतो. मीसुद्धा. गिऱ्हाइकांचे खूप पैसे गेले त्यात. आता पाइप, वायर आणि अर्थिंग बघितल्याशिवाय सेन्सरला हात लावत नाही.

युनोस_लेस्टर

माझ्याकडे याच पिढीची एमएक्स-५ आहे, उजव्या स्टिअरिंगची, १.६ च. साताऱ्याच्या दादांनी सांगितलंय तसंच करा, मी फक्त या गाडीपुरतं जोडतो.

तुमच्या गाडीला डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) नाही. हेडच्या (सिलिंडरांवरच्या भागाच्या) मागे कॉइल आहे, तीत दोन कॉइल एकत्र. एक कॉइल १ आणि ४ ला एकाच वेळी ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. म्हणून इंजेक्टरच्या टेस्टचा निकाल असा वाचा: १ आणि ४ दोन्ही कमजोर, किंवा २ आणि ३ दोन्ही कमजोर असतील तर कॉइलवर संशय. जोडीतला एकच कमजोर असेल तर कॉइल सोडा, त्या सिलिंडरची वायर, प्लग किंवा इंजेक्टर बघा. या गाडीच्या वायरी लवकर म्हाताऱ्या होतात, हे सगळ्या मालकांना ठाऊक आहे.

स्लोचा स्क्रू गॅरेजने फिरवलाय तो शेवटी जागेवर आणावा लागेल, पण आज नको. भोक सापडल्यावर. आज आणलात तर पुन्हा आणावा लागेल. पद्धत अशी: बॉनेटखाली छोटा काळा डबा आहे, झाकणावर डायग्नोसिस लिहिलेलं. इंजिन पूर्ण गरम, लाइट-ब्लोअर बंद. डब्यातल्या टीईएन आणि जीएनडी या दोन खणांत वायरचा तुकडा घालून ते जोडायचे. असं केलं की कॉम्प्युटर स्लो सावरायचं थांबवतो, म्हणजे स्क्रूचं खरं सेटिंग कळतं. मग टायमिंग लाइटने ठिणगीचं टायमिंग १० अंश आणि स्क्रूने ८५० आरपीएम. स्क्रू थ्रॉटल बॉडीवर रबरी बुचाखाली असतो. वायरचा तुकडा काढायला विसरू नका. तीच वायर जोडल्यावर, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवली, तर चेक इंजिनचा दिवा लुकलुकून साठलेले कोडही सांगतो. ते आजच बघून घ्या.

रेडिएटरचं पाणीही बघा. या इंजिनात स्लोची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमधून कूलंट फिरतो. पाणी कमी असलं किंवा हवेचा बुडबुडा अडकला की काटा असाच नाचतो.

वादळ_फोंडा (गोवा)

आमच्याकडे सॅन स्टॉर्म आहे, बाबांनी घेतलेली. इथे गोव्यातच बनलेली दोन सीटची उघडी गाडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. तुमच्या पोस्टमधल्या एकाच वाक्यावर थांबले: हेडलाइट लावले की काटा खाली जातो.

आमच्या गाडीची बॉडी फायबरची, तिच्यातून करंट परत जात नाही. सगळी अर्थिंग वायरींनी नेलेली. पंचवीस पावसाळ्यांत गंज धरतो, आणि एक अर्थ सैल झाली तरी कॉम्प्युटरला सेन्सरचे आकडे चुकीचे दिसतात. आमची गाडी लाइट लावल्यावर अशीच बसायची. तुमची बॉडी पत्र्याची आहे, पण या गाडीची बॅटरी डिकीत असते असं वाचलंय. म्हणजे इंजिनाचा करंट अख्ख्या बॉडीतून मागे जातो. इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टी एकदा तपासा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, गाडी चालू, लाइट चालू. आकडा व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवा. माझा पाऊण व्होल्ट आला होता.

मिआटा_९२

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दिवसभर बसलो. बाबा खुर्ची टाकून शेजारी, हातात माझी वही. निकाल लिहितो.

कोड: एकही नाही. कूलंट: पातळी बरोबर.

फोंड्याच्या ताईंची टेस्ट: डिकीपासून लांब वायर आणून केली. ०.०४ व्होल्ट. म्हणजे अर्थिंग निर्दोष. पट्टीचे बोल्ट तरी घासून परत आवळले.

इंजेक्टर: १ काढला, आवाज पडला. २, तसंच. ३, तसंच. ४ काढला आणि मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. कधी थोडा पडतो, कधी काहीच नाही. १ ठणठणीत आणि ४ आजारी, म्हणजे लेस्टरकरांच्या हिशोबाने कॉइल निर्दोष.

अंधारातला प्रयोग आयुष्यभर लक्षात राहील. दिवा बंद केला, फवारा मारला. तीन सेकंद काही नाही. मग चौथ्या सिलिंडरच्या वायरीच्या रबरी टोपीपाशी, टॅपेट कव्हरकडे जाणारी निळी रेघ. सुईएवढी बारीक, थरथरणारी. टिक, टिकटिक, टिक. आणि रेघ दिसली की त्याच क्षणी इंजिनाचा हिसका. बाबा खुर्चीवरून उठून पुढे आले आणि म्हणाले, "हे बघ, हा सुटतोय." इतकी वर्षं ते जे हाताने ओळखत होते ते त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

वायर काढली तर टोपी तेलाने माखलेली. टॉर्च मारला, चौथ्या प्लगच्या विहिरीत बोटाच्या पेरभर ऑइल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय. तेलाने रबर फुगून चिरलंय. प्लग बदलताना एवढं तेल कसं दिसलं नाही, असं बाबांनी विचारलं. तेव्हा होतंच थोडं, मी चिंधीने पुसलं आणि पुढे गेलो. चूक माझी.

चारही वायरींची लांबी वेगवेगळी असल्याने अदलाबदल करून खात्री करता आली नाही. वायरींचा नवा सेट आणि पॅकिंग मागवलंय.

आणि दादा, डिपस्टिक. ओढली. काहीही झालं नाही. इंजिनाला पत्ताच नाही.

स्पार्क_सातारा

झकास. करंटचा निकाल लागला. पॅकिंग टाकताना विहिरीतलं तेल कापडाने पूर्ण टिपून मगच प्लग काढा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आवळा. जोर लावू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की काम वाढेल.

डिपस्टिकने सांगितलंय की भोक आहे. आता हवेच्या मीटरपासून थ्रॉटलपर्यंत जो मोठा रबरी पाइप इंजिनावरून आडवा जातो तो धरा. वरून चांगला दिसेल. चीर नेहमी खालच्या बाजूला, घडीच्या आत असते, जिथे नजर जात नाही. गाडी स्लोवर ठेवून पाइप हाताने वाकवा, पिळा, दाबा. आवाज बदलला की तिथेच थांबा. तरीही नाही सापडलं तर पीसीव्हीचा (क्रँककेसची हवा परत इंजिनात नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं) पॅकिंग, याच क्रमाने. त्यासाठीही पाण्याचाच फवारा मारा. कार्ब क्लीनर मारणारे पुष्कळ आहेत. माझ्या शेजारच्या गॅरेजमध्ये गरम एक्झॉस्टवर तो पडून भडका उडालेला मी पाहिलाय, पोराचा हात भाजला होता.

थंड असताना त्रास का नव्हता, हेही सांगतो. थंड इंजिनाला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त देतो, त्यात चोरीची हवा खपून जाते. गरम झाल्यावर पेट्रोल मोजून मिळतं, मग भोक उघडं पडतं.

मिआटा_९२

काम झालं, क्रमाने सांगतो.

मंगळवारी पॅकिंग आणि वायरी टाकल्या. हिसका गेला. पाचव्या गिअरमध्ये २५०० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, गाडी रेशमासारखी ओढत गेली. पण सिग्नलला काटा अजून नाचतच होता, दादांनी म्हटल्याप्रमाणे दुसरा आजार तसाच.

बुधवारी संध्याकाळी पाइप. वरून नवा कोरा दिसत होता. थ्रॉटलकडच्या टोकाला घडीच्या खाली बोट घातलं आणि दाबलं तर इंजिन एकदम घरघरलं. काढून उलटा केला. दोन इंच लांब चीर, इतकी सरळ की ब्लेडने कापल्यासारखी. पाइप टेबलावर ठेवला की ती बंद होते, दिसतसुद्धा नाही. वाकवला की ओठ उघडल्यासारखी उघडते. इंजिन माउंटिंगवर हललं की पाइप वाकणार, चीर उघडणार, काटा पडणार, इंजिन आणखी हलणार. हे चक्र मी सहा महिने सिग्नलला बसून बघत होतो.

नवा पाइप येईपर्यंत चिकटपट्टीचे चार वेढे दिले. सुरू केली तर काटा थेट १३०० वर, कारण गॅरेजने उघडलेला स्क्रू तसाच होता. मग टीईएन-जीएनडी जोडून टायमिंग पाहिलं (१० अंशांवरच होतं, तिथे कुणी हात लावला नव्हता) आणि स्क्रू फिरवत फिरवत ८५० वर आणला. जवळजवळ दोन पूर्ण आटे.

मग बाबा म्हणाले, डिपस्टिक ओढ. ओढली. इंजिन धापा टाकायला लागलं, काटा ४०० वर, बंद पडणार तेवढ्यात परत घातली. पुन्हा ८५०. बाबांनी स्वतः तीनदा करून पाहिलं.

एअर फ्लो मीटरला काही झालेलं नव्हतं. चारशे डॉलरऐवजी वायरी, पॅकिंग आणि पाइप मिळून १३० मध्ये भागलं.

काल रात्री दोघं ओक ट्री रोडला मिठाई आणायला गेलो. टप उघडा, हेडलाइट चालू, ब्लोअर चालू. लाल सिग्नलला बाबा आरशात बघत मागच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचत होते.

एक प्रश्न उरलाय. हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने, अजून थोडं तेल खाली ओघळतंय. पॅकिंग नवीन आहे, ते कोरडं आहे. खालचा हीटरचा पाइप तेलाने मऊ झालाय. हे कुठलं?

युनोस_लेस्टर

ते क्रँक अँगल सेन्सरच्या ओ-रिंगचं. हेडच्या मागे कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला बसवलेला सेन्सर. ओ-रिंग कडक होते आणि तेल नेमकं हीटरच्या पाइपवर पडतं, त्यामुळे पाइपही बदलून टाका. सेन्सर एका १२ च्या बोल्टवर आहे, हात पोचायला अवघड, सांधा असलेला पाना घ्या. सैल करण्याआधी सेन्सर आणि हेड दोन्हींवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा आणि त्याच रेघेवर परत बसवा, कारण तोच फिरवून टायमिंग लावतात. बसवल्यावर १० अंश पुन्हा एकदा बघा. बाबा असेपर्यंत करून घ्या, टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतोच.